आधी कामाचा कागद: रेट, बिल आणि अडकलेले १७ हजार

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू अमळनेरचा, वय २४, दोन वर्षांपासून घरूनच लोगो, पॅकेजिंग आणि सोशल मीडियाच्या पोस्टची डिझाइनची कामं करतोस. आठ महिन्यांपूर्वी धुळ्याच्या एका मसाला कंपनीला मिरची पावडर आणि हळद अशा दोन पाऊचचं डिझाइन करून दिलंस. फोनवर २२ हजार ठरले, ५ हजार आले. बाकीचे १७ मागितले की अकाउंटवाला म्हणतो, ‘जीएसटीचं बिल द्या, त्याशिवाय पेमेंट निघत नाही.’ आणि पुण्याची एक एजन्सी तुझ्याकडे रेटकार्ड मागते आहे. तू विचारलं आहेस: रेट किती सांगू, बिल कसं करू, आणि जीएसटी नंबर काढूनच टाकू का?

वयानं लहान आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करते. मी जळगावात १९ वर्षं छपाईचं आणि पॅकेजिंगचं डिझाइन करते. सुरुवात गोलाणी मार्केटमधल्या एका डीटीपीच्या दुकानात झाली, लग्नपत्रिका आणि बिलबुकं बसवण्यापासून. तू वेगवेगळे मांडलेले तिन्ही प्रश्न मला एकाच ठिकाणी येऊन मिळताना दिसतात. काम सुरू होण्याआधी तुमच्या दोघांत काहीच लिहिलं गेलं नाही. तो एक कागद असता तर रेट त्यात आला असता, बिल त्याच्यावरून झालं असतं, आणि ‘जीएसटी नाही’ हे अकाउंटवाल्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं. म्हणून आधी कागदाचं बोलते, मग रेट, मग बिल आणि कर. १७ हजारांचं शेवटी, कारण ते सोडवायला हे सगळं लागणार आहे.

आपल्याकडे खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (वर्षभरासाठीचा शेतगडी) ठरतो. शेतकऱ्याच्या घरातला असशील तर हे लहानपणी पाहिलं असशील. ओट्यावर बसून वर्षाचे किती, धान्य किती, कपडे किती, उचल किती आणि ती कशी फिटायची, सगळं बोललं जातं. दोन माणसं साक्षीला असतात. मगच तो शेतात पाय ठेवतो. इतका चोख व्यवहार पाहत वाढलेली आपली मुलं डिझाइनचं काम घेताना मात्र ‘तुम्ही द्याल ते’ म्हणतात. तसं म्हटल्यावर समोरच्याचा दोष कमी आणि आपला जास्त असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. २२ हजारांत काय काय येतं हे त्याला खरंच ठाऊक नसतं. त्याच्या नजरेत तू ‘कॉम्प्युटरवर बसून करून देणारा मुलगा’ असतोस.

मला हे कळायला एक पाऊच लागलं. २००९ साली केळीच्या वेफर्सचं एक काम आलं. ३० हजार ठरले, तेही बोलण्यात, आणि १२ हजार हातात आले. पाऊच छापायचं तर आधी प्रत्येक रंगाचा सिलिंडर कोरावा लागतो. सिलिंडरवाल्याकडे नंबर लागला होता, म्हणून रात्री साडेअकराला त्यांचा माणूस पेनड्राइव्ह घेऊन दारात उभा राहिला आणि मी अख्खी सीडीआर फाईल, म्हणजे कोरेल सॉफ्टवेअरची, कोणालाही बदल करता येईल अशी ओपन फाईल, त्याला देऊन टाकली. अडीच महिन्यांनी भुसावळ स्टेशनावर गाडीची वाट बघत होते, तर समोरच्या स्टॉलवर माझं पाऊच टांगलेलं. त्यावरचा केळीचा घड मी हातानं काढला होता, वडिलांच्या बागेतल्या घडाच्या फण्या मोजून, नऊच्या नऊ. तोच घड शेजारी लाल पाऊचवर होता, त्याच्या बाजूला हिरव्या पाऊचवर. मी केलं होतं ते साध्या मिठाचं एकच. तिखट आणि पुदिना ही दोन त्यांनी माझ्या ओपन फाईलमधून प्रेसच्या ऑपरेटरकडून रंग बदलून करून घेतली होती.

१८ हजारांसाठी मी चौदा महिने फेऱ्या मारल्या. दरवेळी चहा यायचा, आणि शेठ म्हणायचे, ‘दिवायीले दी देसू बेटा, पैसा कोठे पयी जातस?’ (दिवाळीला देऊन टाकू, पैसे कुठे पळून जातात?) मनानं वाईट नव्हते ते. पण ३० ठरले होते की २२, एक पाऊच ठरलं होतं की तीन, हे त्यांना आठवत नव्हतं आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. शेवटी १० हजारांवर मिटलं. त्या दिवसापासून कागद झाल्याशिवाय मी कोरेल उघडत नाही. सख्ख्या मावसभावाच्या दुकानाच्या बोर्डासाठीसुद्धा उघडलं नाही.

हा कागद एका पानाचा असतो. मी त्याला ‘कामाचा कागद’ म्हणते, कंपनीवाले कोटेशन म्हणतात, कॉलेज आणि सरकारी कचेऱ्या दरपत्रक. त्यात काय करणार ते मोजून लिहायचं: दोन पाऊच, पुढची-मागची बाजू, १०० ग्रॅमची साइज. पहिल्या पाऊचचे दोन पर्याय, मंजूर झालेल्यावर दोन वेळा करेक्शन. काय करणार नाही तेही लिहायचं, हे बहुतेक जण विसरतात. फोटो काढणं, मजकूर लिहिणं, बारकोड घेणं, अन्न परवान्याचा नंबर आणि घटकांची यादी बरोबर आहे का ते तपासणं, ही माझी कामं नाहीत. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांची जबाबदारी कंपनीची, आणि छपाईआधी कंपनीनं प्रूफवर ‘मान्य’ लिहून द्यायचं. सिलिंडर एकदा कोरला गेला की एका अक्षराची चूकही महाग पडते, आणि ती कोणाची हा वाद तेव्हा सुरू होऊन चालत नाही.

करेक्शन म्हणजे काय हेही एका ओळीत सांगून ठेव. अक्षर मोठं करा, मिरची थोडी डावीकडे घ्या, लाल जरा गडद करा, ही करेक्शन. ‘आता मिरच्यांऐवजी जेवणाचं ताट दाखवू’ हे नवीन काम, त्याचे पैसे वेगळे. शिवाय ‘फायनल’ कोण म्हणणार त्या एकाच माणसाचं नाव लिहून घे. आपल्याकडे धंदा घरचा असतो. शेठ एक सांगतात, मोठा मुलगा दुसरं सांगतो, पुण्याला शिकलेली सून तिसरं सांगते, आणि तिचंच बहुतेक वेळा बरोबर असतं. पण तुझ्यापर्यंत एकाच तोंडानं यायला हवं.

खाली पैसे: एकूण किती, निम्मे काम सुरू करताना, उरलेले फायनल फाईल देण्याआधी. ‘काम पूर्ण झाल्यावर’ असं कधी लिहू नकोस, कारण पूर्ण कधी झालं हे तोच ठरवतो. ‘फाईल देण्याआधी’ म्हटलं की चावी तुझ्या हातात राहते. तोवर दाखवायला कमी रिझोल्यूशनची, वॉटरमार्क टाकलेली प्रत पाठव. दर १५ दिवसांपुरता वैध असंही लिही, नाहीतर दोन वर्षांनी जुना कागद काढून त्याच भावात काम मागतात.

हा कागद पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर पाठव आणि ‘मान्य असल्यास तसं उत्तर द्या, मग काम सुरू करतो’ असं लिही. ‘ओके, करा सुरू’ एवढं उत्तर पुरतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे इलेक्ट्रॉनिक रीतीनं झालेला करार केवळ त्या कारणासाठी अवैध ठरत नाही. मोठं काम असेल, माझ्या हिशेबानं ५० हजारांच्या पुढचं, तर छापील कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. लोक रागावतील अशी भीती तुला वाटेल. माझा अनुभव असा की खरा गिऱ्हाईक कागद पाहून जरा सावरून बसतो, आणि ज्याला पुढे पैसे बुडवायचे असतात तो कागदावरच अडतो. तो तिथेच अडला तर आपले चार दिवस वाचतात.

आता रेट. नुसता आकडा मी सांगणार नाही, कारण तू घरच्यांसोबत राहतोस की भाड्यानं, घर तुझ्यावर आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण आकडा काढायचा कसा ते सांगते. समज, घरात २५ हजार द्यायचे आहेत. लॅपटॉपची झीज, सॉफ्टवेअर, फॉन्ट, वीज, नेट, फोन मिळून ७ हजार. आजारपण, रिकामे महिने, करासाठी बाजूला ८ हजार. झाले ४०. महिन्यात २६ दिवस बसतोस, पण ज्यांचे पैसे मिळतात असे दिवस माझ्या वहीप्रमाणे १४ च्या वर कधी जात नाहीत. बाकीचे प्रेसवर प्रूफ बघण्यात, गिऱ्हाइकाकडे जाण्यात, कोटेशन करण्यात आणि वसुलीत जातात. ४० हजार भागिले १४ म्हणजे दिवसाला साधारण २,९००, धर ३ हजार. हा तुझा तळ. याच्या खाली काम घेतलंस तर ते तू खिशातून करतोस.

एक पाऊच नीट करायला पाच दिवस आणि करेक्शनचा एक, म्हणजे १८ हजार. त्याच मांडणीतलं दुसरं पाऊच ४ ते ६ हजारांत होतं. म्हणजे तुझे २२ हजार हा आकडा बरोबर होता. तू कमी मागितलेस असं मनात धरून बसू नकोस.

गिऱ्हाइकाला मात्र हा दिवसांचा हिशेब दाखवायचा नाही, कामाची पूर्ण रक्कम सांगायची. दिवसाचा भाव सांगितला की तो तुझे दिवस मोजायला लागतो, आणि हात बसल्यावर तू तीनच दिवसांत केलंस तर तुझं कसब वाढूनही पैसे कमी होतात. तळाच्या वर किती जायचं हे त्या डिझाइनचा उपयोग किती मोठा त्यावर ठरव. फुले मार्केटमधल्या एका दुकानाच्या पिशवीवर येणारा लोगो आणि चार राज्यांत जाणाऱ्या पाकिटावरचा लोगो काढायला तितकेच दिवस लागतील, पण दुसऱ्याची किंमत जास्त असायला हवी.

‘प्रेसवाला डिझाइन फुकट देतो’ हे तुला दर आठवड्याला ऐकावं लागेल. देतो, कारण त्याची मजुरी छपाईत निघते. त्याच्याशी भावात लढू नकोस. ज्याला सणाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स हवा आहे त्याला मी स्वतः प्रेसवर पाठवते, आणि त्याचं त्यात भलं असतं. निवडणुकीच्या कामाला मात्र पूर्ण पैसे आधी. निकालानंतर जिंकलेला भेटत नाही आणि हरलेल्याकडे मागवत नाही.

एजन्सीचं गणित वेगळं आहे. गिऱ्हाईक आणणं, त्याच्याशी बोलणं, करेक्शन गाळून तुझ्यापर्यंत आणणं हे ती करते, म्हणून थेट कामापेक्षा थोडा कमी दर रास्त आहे. पण तुझ्या तळाच्या खाली नाही. ‘पोस्ट ५०० रुपये’ असं मोकळं रेटकार्ड देऊ नकोस, ते एकदा गेलं की वर्षभर तुझ्या गळ्यात राहतं. महिन्याला किती पोस्ट, पर्याय किती, मजकूर कोण देणार, रविवारी काम आलं तर काय, हे विचार आणि त्यावर महिन्याची रक्कम सांग. पेमेंट बिलानंतर किती दिवसांनी हे पहिल्याच मेलमध्ये विचार. ‘आमच्या क्लायंटकडून आलं की देतो’ असं उत्तर आलं तर निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, कारण त्यांच्या क्लायंटची उधारी तू का सोसावीस? आणि केलेलं काम स्वतःचं म्हणून दाखवायची परवानगी लेखी माग. नाहीतर दोन वर्षं राबूनही दाखवायला काही उरत नाही.

बिल ही तशी सोपी गोष्ट आहे. वर तुझं नाव, पत्ता, पॅन. बिलाचा नंबर आणि तारीख. नंबर १ एप्रिलला नव्यानं सुरू कर, मध्ये तोडू नकोस. गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव-पत्ता, त्याचा जीएसटी नंबर असेल तर तो. कामाच्या कागदाचा संदर्भ, कामाचं वर्णन, रक्कम, मिळालेला आगाऊ, बाकी. पेमेंटची शेवटची तारीख. खाली बँकेचा खातेक्रमांक, आयएफएससी, यूपीआय आणि सही. कामाचं खातं घरच्या खात्यापासून वेगळं ठेव. शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना दिली की चालू खातं उघडायला सोपं जातं, मोजकेच कामगार असलेल्यांना तेवढी पुरते. महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला व्यवसाय कराचीही नोंदणी लागते, वर्षाला २,५००.

जीएसटीचं ऐक, कारण इथेच तुला घाबरवलं आहे. फक्त सेवा देणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. उलाढाल म्हणजे आलेली एकूण रक्कम, नफा नव्हे, आणि तुझ्या पॅनवरचं सगळं त्यात मोजलं जातं. राज्याबाहेरच्या गिऱ्हाइकाला सेवा दिलीस तरी ऑक्टोबर २०१७ पासून हीच सवलत आहे. पुण्याची एजन्सी तर राज्यातलीच. म्हणजे तुला आज नोंदणी बंधनकारक नाही. आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणं हा गुन्हा आहे, कोणी कितीही म्हटलं तरी लावू नकोस. ओळखीच्या कोणाच्या नंबरवर बिल फाडायचा सल्ला मिळेल, तोही ऐकू नकोस. ते उत्पन्न त्याच्या नावावर चढतं आणि पैसे त्याच्या खात्यात अडकतात.

‘तुमच्या बिलावर आम्हाला क्रेडिट मिळत नाही’, म्हणजे बिलात भरलेला जीएसटी आमच्या करातून वळता करता येत नाही, असं कंपनी म्हणते. पण तू कर लावलाच नाहीस, मग क्रेडिट जाणार कशाचं? नोंदणी असलेल्यानं २२ हजारांवर १८ टक्के, म्हणजे ३,९६० रुपये वर लावले असते आणि कंपनीला तेवढेच परत मिळाले असते. तुझ्या बिलात ते आधीपासूनच नाहीत. एवढं शांतपणे सांगितलं आणि ‘मी जीएसटीत नोंदणीकृत नाही, माझी उलाढाल मर्यादेच्या आत आहे’ असं सहीचं पत्र जोडलं, की बहुतेक अकाउंटवाल्यांचं काम भागतं. त्यांना फाईलला लावायला कागद हवा असतो. केवळ एका गिऱ्हाइकासाठी नोंदणी घेऊ नकोस. काम नसलेल्या काळाचंही शून्याचं रिटर्न भरावं लागतं, उशीर झाला की दंड चढतो. तुझी बहुतेक कामं मोठ्या कंपन्यांची झाली आणि त्या नोंदणी असलेल्यांनाच यादीत घेत असतील, तर मर्यादेच्या आधी घेण्यातही अर्थ आहे. मी घेतली ती याच कारणासाठी.

टीडीएस म्हणजे तुझ्या आयकराची आधीच कापलेली रक्कम. व्यावसायिक फीवर १० टक्के, पण एका गिऱ्हाइकाकडून वर्षात ५० हजारांच्या वर गेलं तर. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची आहे, आधी ३० हजार होती. जाहिरातीचं काम कंत्राट धरून कापलं तर व्यक्तीसाठी १ टक्का. अकाउंटवाल्यांच्या तोंडात या दोन्हींची जुनी कलमं, ‘१९४जे’ आणि ‘१९४सी’, बसली आहेत, पण १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून तू दर लक्षात ठेव. पॅन दिला नाहीस तर थेट २० टक्के कापतात. तुझ्या १७ हजारांवर व्यावसायिक फी म्हणून काहीही कापायचं कारण नाही.

कापलेली रक्कम तुझ्या नावावर जमा झाली का, हे आयकराच्या साइटवर तुझ्या वार्षिक करपत्रकात दिसतं, ज्याला सगळे २६एएस म्हणत आले आहेत. दर तिमाहीनंतर उघडून बघ. मी पहिली चार वर्षं रिटर्नच भरलं नाही, ‘आपलं उत्पन्न ते केवढं’ म्हणून. कापलेले पैसे बुडाले आणि घरासाठी कर्ज मागायला गेले तेव्हा उत्पन्नाचा एक कागद दाखवता आला नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर साधारणपणे कर लागत नाही, म्हणजे तुझा कापलेला टीडीएस परत येतो. पण रिटर्न भरलं तरच. एक गोष्ट सीएला जरूर विचार: ठोक अंदाजानं नफा दाखवण्याच्या ज्या तरतुदी आहेत, त्यांतली कोणती तुला लागू होते. निम्मं उत्पन्न नफा धरायची सोय ठरावीक व्यवसायांना आहे, त्यात वास्तुरचना, अंतर्गत सजावट, चित्रपट कलाकार यांची नावं आहेत, ग्राफिक डिझायनर असं नाव नाही. कोणत्या बाजूनं जायचं हे तुझ्या कामाचं स्वरूप पाहून त्यालाच ठरवू दे.

एक नोंदणी मात्र आजच कर, उद्यमची, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर होते, सरकारी साइटवर पूर्ण फुकट. पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नसतात. याचा फायदा असा, की २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे तुझ्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचं पेमेंट लेखी मुदत असेल तर त्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी काही नसेल तर १५ दिवसांत करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. कोणी बुडवलंच तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा येण्यांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन अर्ज करता येतो. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरात अशी तरतूद आहे की मुदतीत न दिलेला खर्च कंपनीला त्या वर्षी वजावट म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल तेव्हाच धरता येतो. म्हणून हल्ली मार्च आला की अकाउंटवाले स्वतः फोन करून उद्यम सर्टिफिकेट मागतात. बिलावर उद्यम नंबर छापायला लागल्यापासून माझी दोन जुनी अडकलेली येणी न मागता आली. धुळ्याचं काम नोंदणीच्या आधीचं आहे, त्यामुळे त्याला हा आधार मिळेल असं धरून चालू नकोस.

हक्कांचं दोन शब्दांत, कारण माझ्या केळीच्या घडाचा प्रश्न तोच होता. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे तू केलेल्या लोगोचा आणि रेखाटनाचा पहिला मालक सहसा तूच असतोस. तो हक्क गिऱ्हाइकाला जातो तो लेखी आणि सही केलेल्या हस्तांतरानंच. त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचं, रंगचित्राचं आणि व्यक्तिचित्राचं उलटं आहे, वेगळं काही ठरलं नसेल तर ते काम सांगणाऱ्याचं. तू फोटोही काढतोस असं लिहिलं आहेस, म्हणून हा फरक ध्यानात ठेव. कागदात माझी ओळ अशी असते: ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर मंजूर डिझाइनचे हक्क या उत्पादनासाठी आपल्याकडे येतील. नामंजूर पर्याय माझ्याकडे राहतील. ओपन फाईल हवी असल्यास वेगळी रक्कम.’ ओपन फाईलचे मी मूळ कामाच्या निम्मे घेते.

आता तुझे १७ हजार. बिल कर, पण तारीख आजची टाक, आठ महिन्यांपूर्वीची टाकू नकोस. मग मालकाला, अकाउंटवाल्याला नव्हे, असं लिही: ‘नमस्कार शेठ. आपल्या मिरची पावडर आणि हळदीच्या पाऊचचं डिझाइन मी केलं होतं, पाऊच बाजारात पाहून आनंद झाला. ठरलेली रक्कम २२,०००, मिळालेली ५,०००, बाकी १७,०००. बिल आणि जीएसटी नोंदणी नसल्याचं पत्र सोबत जोडलं आहे. १५ दिवसांत पेमेंट व्हावं ही विनंती.’ फाईल कोणत्या दिवशी पाठवलीस ती तारीखही घाल, मेलमध्ये सापडेल. राग, टोमणा, ‘मी गरीब घरातला आहे’ असलं काही घालू नकोस. तो ‘हो, करतो’ एवढं जरी म्हणाला तरी आठ महिन्यांपूर्वीचा तोंडी व्यवहार लेखी झाला. ते उत्तर जपून ठेव. अशी येणी कोर्टात मागायची मुदत साधारण ३ वर्षांची असते, म्हणजे तुझ्या हातात वेळ आहे. वकिलाची नोटीस हा पुढचा टप्पा, १७ हजारांसाठी त्याच्या पुढे जाणं मला परवडणारं वाटत नाही. हप्त्यानं देतो म्हणाले तर घे, तारखा लिहून घे.

उत्तर आलं नाही तर धुळ्याला स्वतः जा, छापील बिलाच्या दोन प्रती घेऊन. एक त्यांना द्यायची, दुसरीवर ‘मिळालं’ असा शिक्का आणि तारीख घ्यायची. शेठ ‘होऊन जाईल’ म्हणतील, ते ऐकून तसाच परत फिरू नकोस, मी तशी कितीदा फिरले. अकाउंटवाल्यासमोर पाच मिनिटं बस आणि त्याला विचार की पेमेंट कोणत्या वारी निघतात. बहुतेक ठिकाणी वार ठरलेला असतो. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्याला फोन कर, शेठना नको.